वहिवाटीचा मुलूख

उत्तर इंग्लंडमधल्या स्किप्टन गावाच्या हाय स्ट्रीटवर आठवड्यातून चार दिवस बाजार भरतो: सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार. रस्ता चांगला ऐसपैस आहे. मधून गाड्या जातात, आणि दोन्ही अंगांना दगडी फरसबंदीचे रुंद पट्टे आहेत, तिथे सकाळपासून पालं उभी राहतात. व्हेन्सलीडेल चीजचे तुकडे, पोर्क-पाय, लोकरीचे मोजे, बागेतली रोपं, कुत्र्यांचे गळपट्टे असं काय काय. चीजवाल्या बाईने मला ‘लव्ह’ म्हणून हाक मारली, माझ्या मागच्या आजोबांनाही ‘लव्ह’च म्हणाली. यॉर्कशरमध्ये ही सरसकट पद्धत आहे आणि परक्या गावात ती फार बरी वाटते.

जॉन राजाने १२०४ साली या गावाला बाजाराची सनद दिली. त्याआधीपासून आसपासच्या डोंगरांतून मेंढरं हाकत लोक इथे येतच असणार. गुरं-मेंढरं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत याच रस्त्यावर विकली जायची. आता त्यांचा लिलाव गावाच्या कडेला स्वतंत्र आवारात होतो. मेंढ्या वळायला शिकवलेल्या कुत्र्यांनाही तिथे बोली लागते, आणि चांगल्या कुत्र्याची किंमत ऐकून परका माणूस चकित होतो.

लीड्सला नोकरी करणारी माझी भाची मला इथे घेऊन आली होती. लीड्सहून आगगाडीने पाऊण तासाचा रस्ता. बाजारातल्या एका बाकावर बसून तिने नकाशा उलगडला. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा हा नकाशा १:२५,००० प्रमाणाचा असतो. त्यात शेताचा प्रत्येक बांध, प्रत्येक गोठा, प्रत्येक झरा दिसतो. “मावशी, या हिरव्या तुटक रेघा बघ,” ती म्हणाली. “त्या सगळ्या आपल्या.”

त्या रेघा म्हणजे सार्वजनिक हक्काच्या पायवाटा. जमीन कुणाची का असेना, शेतकऱ्याची, उमरावाची किंवा कंपनीची, तिच्यावरून जाणाऱ्या त्या वाटेने चालण्याचा हक्क सगळ्यांचा. मालकाला ती बंद करता येत नाही, कुलूप लावता येत नाही. लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता आणि कुणी न अडवता एखाद्या वाटेने चालत आले, तर मालकाने ती सार्वजनिक केली असंच कायदा धरून चालतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटा सुमारे १,४०,००० मैल आहेत. मी कोकणातली. वहिवाटीवरून सख्खे चुलतभाऊ तीन पिढ्या कोर्टात भांडताना मी पाहिले आहेत. त्यामुळे हाटाला आलेल्या कुणाही बाईने नकाशा उघडावा आणि दुसऱ्याच्या कुरणातून बिनधास्त चालायला लागावं, ही गोष्ट मला गावातल्या किल्ल्याइतकीच मोलाची वाटली. पुढचे काही दिवस मी किल्ला, मठ, डोंगर सगळं पाहिलं, पण डोक्यात प्रश्न हाच होता: ही जमीन कुणाची आणि ही वाट कुणाची?

किल्ल्यात तर या प्रश्नाचा अख्खा इतिहासच राहतो. हाय स्ट्रीट चढत गेलं की वरच्या टोकाला होली ट्रिनिटी चर्च आहे आणि त्याच्या शेजारी किल्ल्याचं दुहेरी बुरुजांचं प्रवेशद्वार. रॉबर्ट द रोमिय या नॉर्मन सरदाराने १०९०च्या सुमारास इथे पहिली गढी उभारली. १३१०मध्ये ती क्लिफर्ड घराण्याकडे आली, आणि मिळाल्यावर चारच वर्षांनी पहिला रॉबर्ट क्लिफर्ड बॅनकबर्नच्या लढाईत मारला गेला. इंग्लंडच्या यादवी युद्धात हा किल्ला राजाच्या बाजूने डिसेंबर १६४२पासून तीन वर्षं वेढ्यात टिकला. तोफगोळ्यांचा मार सोसावा म्हणून भिंतींवर मेंढ्यांची कातडी लोकरीसकट लटकवली होती, असं इथे सांगतात. डिसेंबर १६४५मध्ये किल्ला शरण गेला आणि पुढे पार्लमेंटच्या हुकमाने त्याची छपरं उतरवण्यात आली. पण आज आत शिरलं तर डोक्यावर धड छप्पर असतं. स्वयंपाकघर, दिवाणखाना, बुरुज, सगळं शाबूत. याचं श्रेय लेडी ॲन क्लिफर्डला.

ती १५९०मध्ये याच किल्ल्यात जन्मली. वडील, कंबरलंडचे अर्ल, १६०५मध्ये वारले आणि जहागीर आपल्या भावाच्या नावे करून गेले. ॲन तेव्हा पंधरा वर्षांची होती. जहागीर मुलगा असो वा मुलगी, पोटच्या वारसाकडेच जावी अशी मूळ सनद आहे, हे धरून तिने आणि तिच्या आईने दावा लावला. नवरा म्हणाला पैसे घे आणि सोड. १६१७मध्ये पहिल्या जेम्स राजाने स्वतः निवाडा करून तिला सही करायला सांगितलं. तिने केली नाही. राजाच्या तोंडावर नाही म्हणाली. शेवटी चुलतभाऊ मुलगा नसताना १६४३मध्ये वारला तेव्हा जहागीर तिच्याकडे आली. ती त्रेपन्न वर्षांची होती. युद्ध संपल्यावर १६४९मध्ये ती उत्तरेकडे आली आणि एकामागून एक पडके किल्ले बांधून काढत सुटली: स्किप्टन, ॲपलबी, ब्रूम, ब्रफ, पेंड्रॅगन. स्किप्टनच्या आतल्या चौकात तिने १६५९मध्ये लावलेलं यू झाड आजही आहे. चौक लहान, भिंती उंच, आणि मधोमध हे झाड वर प्रकाशाकडे गेलेलं. मी खोडाला हात लावून बराच वेळ उभी होते. साल लालसर तपकिरी, पापुद्रे सुटलेली, आणि बुंध्याभोवतीच्या ओट्यावर सुयांसारख्या पानांचा थर.

मला ही बाई फार आवडते, आणि म्हणूनच दुसरी बाजू सांगितली पाहिजे. हक्कासाठी राजाशी भांडलेली ॲन स्वतः मालकीण झाल्यावर आपल्या कुळांना खंडासाठी वर्षानुवर्षं कोर्टात खेचत राहिली. जमिनीचा मालक झालेला माणूस लवकर विसरतो. आता तिच्या नावाने स्किप्टनहून पेनरिथपर्यंत शंभर मैलांची पायवाट आहे. तिच्या सगळ्या किल्ल्यांवरून जाणाऱ्या त्या वाटेने कुणीही चालावं, कुणाला खंड द्यावा लागत नाही.

किल्ल्याच्या पाठीमागे एका कड्याखालून कालव्याचा फाटा जातो. जेमतेम अर्धा मैल. किल्ल्याचा मालक असलेल्या थॅनेटच्या अर्लने अठराव्या शतकात तो खणून घेतला, जवळच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरायला. वरून घसरणीवरून दगड सोडायचे आणि खाली नावेत झेलायचे. मालकाच्या घराच्या भिंतीखालीच तो खडखडाट चालत असणार. हा फाटा गावात येऊन लीड्स-लिव्हरपूल कालव्याला मिळतो. १२७ मैलांचा हा कालवा १७७०मध्ये सुरू झाला. बिंगली ते स्किप्टन हा टप्पा १७७३मध्येच खुला झाला, पण पेनाइन पर्वत ओलांडून सगळा पुरा व्हायला १८१६ उजाडलं. कालव्यात चढ आला की लॉक बांधावं लागतं, म्हणजे दोन दारांमधल्या हौदात पाणी भरून नाव वर उचलायची. स्किप्टनच्या आसपास मात्र कालवा डोंगराची समपातळी धरून वळत-वळत जातो, म्हणून बिंगलीपासून गारग्रेव्हपर्यंत मैलोन् मैल एकही लॉक नाही. घोडे नावा ओढत ज्या काठाने चालायचे तीच वाट आता चालणाऱ्यांची. जुन्या दगडी पुलांच्या कोपऱ्यांवर दोरखंडांनी घासून पडलेल्या खाचा आहेत. त्यांत बोट घातलं तर पेराएवढं आत जातं, आणि आतला दगड काचेसारखा गुळगुळीत लागतो.

फाट्याच्या वरच्या अंगाला किल्ल्याचं रान आहे. मे महिना होता. झाडांखालची जमीन रानलसणाच्या पांढऱ्या फुलांनी भरलेली, आणि वाटेवर पाऊल टाकावं तिथे लसणीचा वास. पुढे उतारावर ब्लूबेलचा निळा गालिचा. एलर बेक नावाच्या ओढ्यात दगडावर एक गोलमटोल काळा पक्षी, छातीवर पांढरा डाग, सारखा वाकून नमस्कार केल्यासारखा खाली-वर होत होता. डिपर. एकदम पाण्यात शिरला, तळाशी चालत गेला आणि दुसरीकडे बाहेर आला. नाश्त्याआधी त्या रानात तासभर फिरायचं हा माझा नेम झाला.

कालव्याच्या धक्क्यावर, नॅरोबोटी म्हणजे कालव्यातल्या चिंचोळ्या नावा बांधून ठेवतात तिथे, इंग्लंडचा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमन याचा ब्राँझचा पुतळा आहे. २०१०मध्ये बसवलेला, ग्रॅहम इबेसन या शिल्पकाराने केलेला. गोलंदाजीच्या ऐन आवेशात, सगळं अंग पिळवटलेलं. मराठी माणसाला इथे थांबावंच लागतं. जून १९५२, हेडिंग्ली, म्हणजे इथून पाऊण तासावर. एकवीस वर्षांचा ट्रूमन पहिली कसोटी खेळत होता आणि भारताच्या दुसऱ्या डावात पहिल्या चौदा चेंडूंत धावफलकावर लागलं: शून्यावर चार बाद. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. त्यातले तीन ट्रूमनचे, गायकवाड तेवढे दुसरा गोलंदाज बेडसर याचे. आमच्या घरी वडील हा धावफलक जिव्हारी लागल्यासारखा सांगायचे. पण त्याच कसोटीचा पहिला डाव कुणी सांगत नाही. तीन बाद बेचाळीस असताना वीस वर्षांचा मांजरेकर आला आणि ट्रूमन-बेडसर यांच्यासमोर १३३ धावा काढून गेला; कर्णधार विजय हजारेंनी ८९ केल्या, दोघांची भागी २२२. आणि त्या शून्यावर चारनंतरही हजारे आणि दत्तू फडकर यांनी अर्धशतकं काढून डाव १६५पर्यंत नेला. सामना गेला, पण त्या पुतळ्यासमोर उभी राहून मी भाचीला हे सगळं सांगितलं. क्रिकेटचं तिला काडीचं कौतुक नाही. तरी तिने मांजरेकरचं वय पुन्हा विचारलं.

एक दिवस बसने मॅलमला गेलो. बस दिवसातून मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधीच लिहून घ्यावी. मॅलम कोव्ह म्हणजे चुनखडीचा ८० मीटर उंच, किंचित आत वळलेला पांढरा कडा. हिमयुग सरताना वितळलेल्या पाण्याचा प्रचंड धबधबा यावरून कोसळत होता. पाणी आता खडकाच्या आतूनच वाहतं. डिसेंबर २०१५च्या वादळी पावसात मात्र काही वेळ ते पुन्हा कड्यावरून पडलं. कड्याच्या पायथ्याशी एक ओढा गुपचूप बाहेर येतो. वर डोंगरात मॅलम टार्न हे तळं आहे, त्याचं पाणी जमिनीत गडप होतं, म्हणून लोकांना वाटायचं तेच इथे येतं. पाण्यात रंग सोडून पाहिलं तेव्हा कळलं की तळ्याचं पाणी गावाच्याही खाली निघतं आणि हा ओढा दुसऱ्याच ठिकाणचा. चारशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेलं की चुनखडीचं पठार लागतं. सपाट ठोकळे आणि त्यांच्यामध्ये खोल भेगा. भेगेत वाकून पाहिलं तर आत ओल, सावली आणि जिभेच्या आकाराच्या पानांचे नेचे. वर मेंढ्यांनी गवत मुळापासून खाल्लेलं आणि खाली वितीच्या रुंदीत अख्खं जंगल सुखरूप.

याच पठारावरून पेनाइन वे जातो. २६८ मैलांची ही इंग्लंडची पहिली राष्ट्रीय पायवाट, टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५मध्ये डेली हेरल्डमध्ये मागितलेली. तिचं उद्घाटन व्हायला तीस वर्षं लागली: २४ एप्रिल १९६५, इथेच, मॅलमच्या माळावर. तारीख योगायोगाची नसावी असं मला वाटतं. २४ एप्रिल १९३२ला शेकडो तरुण कामगार डर्बीशरमधल्या किंडर स्काउट डोंगरावर मुद्दाम, बंदी मोडून चढले होते. आठवडाभर गिरणीत आणि कारखान्यात काम करायचं, रविवारी मोकळी हवा हवी, आणि डोंगर तर उमरावांच्या शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखीव. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जण तुरुंगात गेले. कायदा बदलला तो १९४९मध्ये, आणि उघड्या माळांवर मोकळेपणाने फिरायचा हक्क मिळाला २०००च्या कायद्याने. बाजारातल्या बाकावर भाची ‘आपल्या’ म्हणाली त्या हिरव्या रेघांचं मोल असं चुकतं झालेलं आहे. पर्यटन खात्याच्या पत्रकांत कोवळी कोकरं आणि चहाची दुकानं असतात. पाच जणांच्या तुरुंगवासालाही दोन ओळी मिळाल्या पाहिजेत असं मी म्हणते.

शेवटच्या दिवशी सकाळी बोल्टन ॲबीला उतरलो आणि तिथून स्किप्टनपर्यंत चालत यायचं ठरवलं. व्हार्फ नदीच्या वळणावर हिरव्या कुरणात मठाचे अवशेष उभे आहेत. ऑगस्टीन पंथाचे इथले धर्मगुरू ११२०मध्ये आधी एम्बसे गावी राहिले आणि ११५४मध्ये इथे आले. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले त्यात १५३९मध्ये हाही गेला. १५२०मध्ये सुरू केलेला पश्चिमेचा मनोरा अर्धाच राहिला. पण पुढचा भाग गावाचं चर्च म्हणून वाचला आणि तिथे अजून प्रार्थना होते. मागचा अर्धा भाग उघडा, कमानींतून आभाळ दिसणारा. ट्रूमन २००६मध्ये गेला, त्याला इथल्याच आवारात पुरलं आहे. कसोटीत तीनशे बळी घेणारा तो पहिला गोलंदाज, एकूण ३०७. त्या कबरीशी गेल्यावर मला त्याचा राग अजिबात आला नाही. पंकज, दत्ता, माधव, विजय ही नावं मात्र मनात म्हटली.

नदी ओलांडायला पूल आहे आणि त्याच्या शेजारी पाण्यातून साठाच्या आसपास दगडांची ओळ. आम्ही दगडांवरून गेलो. पाणी घोट्याएवढं, खळखळतं, पोरं आरडाओरडा करत उड्या मारत होती. हीच नदी तासाभराच्या वाटेवर वर गेलं की स्ट्रिड नावाच्या जागी दोन मीटरच्या फटीत कोंबली जाते. सगळं पाणी रुंदीऐवजी खोलीत उतरतं आणि दोन्ही काठांचे खडक खालून पोखरलेले आहेत. वरून बघणाऱ्याला ही फट एका उडीची वाटते. या उडीच्या मोहाने माणसं मेली आहेत. जागोजागी तशा पाट्या आहेत. खडक शेवाळाने निसरडा असतो. लांबूनच बघावं, लहान मुलांचा हात सोडू नये.

ही सगळी जमीन, नदीकाठ, रान, वरचा माळ, डेव्हनशरच्या ड्यूकच्या घराण्याची. किंडर स्काउटचा तो राखीव माळही तेव्हा याच घराण्याचा होता. २००२मध्ये त्या सत्याग्रहाला सत्तर वर्षं झाली तेव्हा अकरावे ड्यूक तिथे आले आणि आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल त्यांनी लोकांसमोर माफी मागितली. मला त्यांचा आदर वाटतो. उशिरा मागितली, पण जागेवर येऊन मागितली. आज बोल्टन ॲबीच्या रानातून मैलोन् मैल वाटा आखलेल्या आहेत.

परतीची वाट हॉल्टन ईस्ट, ईस्टबी, एम्बसे अशी. खालून वाफेच्या इंजिनाची शिट्टी ऐकू येत होती. १९६५मध्ये बंद झालेला रेल्वेमार्ग स्वयंसेवकांनी पुन्हा उभा केला आहे. वाट एका कुरणातून दुसऱ्या कुरणात जाते आणि मध्ये प्रत्येक ठिकाणी दगडाचा गडगा. चुना नाही, सिमेंट नाही. दोन बाजूंना दोन थर, आत लहान दगडांची भर, मधेमधे आरपार जाणारा लांब दगड आणि माथ्यावर उभे लावलेले. गडगा ओलांडायला कुठे आरपार दगडांच्याच पायऱ्या बाहेर काढलेल्या, तर कुठे एक अरुंद फट, खाली चिंचोळी आणि वर थोडी रुंद. माणसाचे पाय जातात, मेंढीचं पोट अडतं. फटीच्या कडांना लोकरीचे पुंजके चिकटलेले.

हॉल्टन ईस्टच्या पुढे एका ठिकाणी गडगा ढासळला होता आणि एक शेतकरी एकटाच तो रचत होता. सत्तरीचा असेल. हिवाळ्यातल्या पावसाने चार हात भिंत बसली, असं तो म्हणाला. ढासळली होती ती नेमकी फटीची जागा. कडेला दगड आकाराप्रमाणे लावून ठेवलेले, माथ्याचे वेगळे, भरीचे वेगळे.

“सलग बांधून टाकली असती तर काम निम्म्यावर आलं असतं की,” भाची म्हणाली.

“आलं असतं,” तो म्हणाला. “पण इथून वाट जाते.” मळलेल्या बोटाने त्याने तिच्या हातातल्या नकाशावरची हिरवी रेघ दाखवली. “माझ्या आजोबांच्या आधीपासून जाते. मेंढ्या निसटतात, कुत्रे सुटतात, सगळा त्रास मलाच. पण जाते ती जाते.”

फटीच्या दोन्ही बाजूंचे उभे दगड त्याने नुकतेच बसवले होते. ठीक झालंय का ते बघायला त्याला माणूस हवा होता. भाची सहज गेली. मी गेले ती पाठीवरच्या पिशवीसकट अडकले. त्याने मान हलवली, मला मागे यायला सांगितलं, उजवीकडचा दगड पहारीने उचकटून दोन बोटं सरकवला, बुडाशी एक चपटी चीप ठोकली आणि हाताने हलवून पाहिला.

“आता या,” तो म्हणाला. “पिशवी काढू नका. लोक पिशवी घेऊनच येतात.”